दुपारी हॉलमध्ये आडवं व्हायला काय घ्यावं? दिवाण, रिक्लायनर, आरामखुर्ची की बंगई (झोपाळा)

मनीषनगरची_ताई

नमस्कार मंडळी. घरात सध्या एकाच विषयावर वाद चालू आहे आणि निकाल काही लागत नाही, म्हणून इथे टाकतेय.

सासरे (वय ७४) आर्वीचं घर बंद करून आता कायमचे आमच्याकडे नागपूरला आलेत. जेवण झालं की त्यांना तासभर आडवं व्हायला लागतं, आणि तेही हॉलमध्येच. बेडरूममध्ये एसी आहे, पण एसीत त्यांचे सांधे धरतात. हॉलच्या खिडकीला कूलर आहे, समोर टीव्ही आहे, आणि कोण आलं, कोण गेलं ते दिसतं. खरं कारण हे शेवटचंच, ते आम्हाला कळतं :)

सध्या ते टू-सीटर सोफ्यावर झोपतात. म्हणजे डोकं एका लाकडी हातावर उशी ठेवून आणि पाय पलीकडच्या हातावरून बाहेर. चहाला उठले की मान धरलेली असते.

घरात तीन पक्ष आहेत. नवऱ्याला मोटरवाला रिक्लायनर हवाय. सासूबाईंचं म्हणणं दिवाण घ्या, पाहुणे आले तर झोपायला होतो. बाबा स्वतः म्हणतात काही विकत घेऊ नका, आर्वीची माझी बंगई आणा.

अडचणी अशा : हॉल १० बाय १३. बाल्कनीचं दार आणि चपलांचं कपाट यांच्यामध्ये जेमतेम ७ फूट भिंत मोकळी. बाबांच्या डाव्या गुडघ्याचं मागच्या वर्षी ऑपरेशन झालंय, वाटी बदललीय. बजेट चाळीस हजारांपर्यंत, त्याच्या आत झालं तर उत्तमच. काय करू?

तर्री_जास्त

अवं ताई, एवढं काहून डोकं लावून राहिल्या? निवारीची एक बाज घ्या, कूलरपुढं टाका, झालं काम. खालून हवा, वरून हवा. संध्याकाळी उभी करून भिंतीले टेकवून द्या, हॉल मोकळा. चाळीस हजारात तं मोहल्ल्याले बाजा वाटता येतीन.

मनीषनगरची_ताई

@तर्री_जास्त दादा, बाज रोज उभी कोण करणार? आणि मधे झोळ पडतो ना जी. बाबा त्यात गेले की दोघांनी ओढून काढावं लागेल.

तर्री_जास्त

झोळ पडला तं पायथ्याची दोरी ओढून ताणायची. त्याच्यासाठीच तं असते थे. पण गुडघ्याचा मुद्दा बरोबर हाय, माघार घेतो.

हाडांची_वकील

मी फिजिओथेरपिस्ट आहे. फर्निचरचं नाव ठरवायच्या आधी एक माप घ्या. बाबांना साध्या लाकडी खुर्चीवर बसवा, तळपाय जमिनीवर सपाट. गुडघ्याच्या मागे जी खाच असते तिथून जमिनीपर्यंत टेप लावा. हे साधारण १६-१७ इंच भरेल. बसायची जागा यापेक्षा इंच-दोन इंच उंच हवी, आणि ती गादी दबल्यावर मोजायची. दुकानात लोक लाकडाची उंची बघतात, वर पाच इंची मऊ फोम टाकतात आणि मग माणूस त्यात रुततो. वाटी बदललेल्या माणसाला खोल, मऊ, बुटक्या बैठकीतून उठणं म्हणजे रोजची शिक्षा आहे.

दुसरं, उठताना हाताला धरायला काहीतरी घट्ट हवं. दिवाण घेतलात तर एका टोकाला कठडा करून घ्या. चारही बाजूंनी सपाट दिवाण दिसायला छान, पण रेटा द्यायला काही नसतं. मग माणूस पलंगपोसाला धरतो आणि पलंगपोसासकट घसरतो.

तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते : ऑपरेशन झालेल्या गुडघ्याखाली उशी घेऊन तासन्‌तास पडू देऊ नका. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो आणि पूर्ण सरळ होणं कठीण जातं. उशी द्यायचीच तर घोट्याखाली द्या.

बेसा_रोड_१२

आमच्याकडे मोटरवाला रिक्लायनर आहे, अनुभव लिहितो.

चांगलं आधी. बटण दाबलं की पाय वर, पाठ मागे. माझ्या आईला जेवल्यावर सपाट झोपलं की घशाशी येतं, तिला तो वरदान ठरला. टीव्ही बघता बघता डोळा लागतो आणि मान लटकत नाही.

आता बाकीचं. एक, भिंतीपासून फूटभर पुढे ठेवावा लागतो, नाहीतर पाठ मागे जायला जागाच नाही. भिंतीला चिकटून चालणारे मॉडेल मिळतात, ते पुढे सरकतात. म्हणजे जागा लागायची ती लागतेच, फक्त समोरून. पाय उघडल्यावर एकूण साडेपाच फूट धरा. तुमच्या १० फुटी हॉलमध्ये तो उघडला की टीव्हीपुढून जाणाऱ्याने वळसा घालायचा.

दोन, रेक्झीन. मे महिन्यात दुपारी अडीचला बनियनवर रेक्झीनवर झोपून बघा. उठताना चर्रर्र आवाज येतो. आम्ही वर सुती चादर टाकली, ती दर वेळी खाली गोळा होते. दोन-तीन उन्हाळ्यांत डोक्याच्या जागी तेल-घाम लागून पापुद्रे निघायला लागले.

तीन, वीज. दुपारी लाइन गेली तेव्हा आई पूर्ण मागे झुकलेल्या अवस्थेत. ना खाली येता येतंय, ना उठता येतंय. आणि मी ऑफिसात! शेजारच्या काकूंनी दोन्ही पाय धरून बाजूने उतरवलं. त्यानंतर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर जोडला. काही मॉडेलना बॅटरी बॅकअप मिळतो. घेणार असाल तर तो आधी विचारा, रंग नंतर.

मनीषनगरची_ताई

@बेसा_रोड_१२ बाप रे. हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणतोय, मग हँडलवाला घेऊ, मोटर नको.

हाडांची_वकील

हँडलवाला बंद करताना पायांनी जोर लावून पाटी खाली दाबावी लागते. त्या गुडघ्याने? नको.

घर_आणि_नकाशे

इंटिरिअरची मंडळी आली की विषय लांबतो, आधीच माफी. पण या वस्तूंचा इतिहास मजेदार आहे आणि तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंधही आहे.

दिवसा पडायचं फर्निचर हे रात्रीच्या पलंगापेक्षा नेहमीच वेगळं राहिलंय, कारण ते चारचौघांत वापरायचं असतं. रोमन श्रीमंतांच्या जेवणघरात तीन बाजूंनी पलंगवजा बैठका असत आणि पाहुणे डाव्या कोपरावर रेलून उजव्या हाताने जेवत. आपल्याकडची लोड-तक्क्यांची बैठक घ्या, तिथेही माणूस ना पूर्ण बसलेला ना पूर्ण झोपलेला. तुमच्या बाबांनाही हेच हवंय. झोप हवी, पण वर्दळीतून उठून जायचं नाही.

आता १९२८ हे साल बघा. पॅरिसमध्ये शार्लोत पेरियाँ, ल कॉर्बुझिए आणि पिएर जानरे यांनी ती प्रसिद्ध लांब खुर्ची केली : स्टीलच्या नळ्यांचा वळणदार पाळणा आणि खाली वेगळा पाया. शरीराच्या वळणाबरहुकूम पाठ, कंबर, गुडघा. आजही ती डिझाइनच्या वर्गात शिकवतात. गंमत अशी की तिचा कोन बदलायचा तर उठून, पाळणा पायावर सरकवून, मग परत झोपायचं. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत मिशिगनमधल्या मन्रो गावात दोन चुलत भावांनी लाकडी पट्ट्यांची, अंगाबरोबर मागे झुकणारी खुर्ची केली. ती व्हरांड्यात ठेवायची होती, गादी नंतर आली. त्यातून ले-झी-बॉय ही कंपनी उभी राहिली, आणि आजचा रिक्लायनर त्याच वंशातला. एकीकडे संग्रहालयात गेलेली खुर्ची, दुसरीकडे घराघरांत गेलेली. कारण साधं होतं, दुसरीतून उठावं लागत नव्हतं.

याच जानरेने पुढे चंडीगडसाठी साग आणि वेताच्या खुर्च्या केल्या. सरकारी कचेऱ्यांतून त्या भंगारात निघाल्या आणि परदेशी लिलावांत लाखांनी विकल्या गेल्या. तेव्हा बाबांची बंगई लगेच विकू नका :)

लकडगंज_जुना

वरच्या ताईंनी छान लिहिलं. आता लाकडाचं मी बोलतो, घरचा धंदा आहे.

नागपुरात राहून प्लायचा दिवाण घेणं म्हणजे मला तरी पटत नाही. बल्लारशा-आलापल्लीचा साग आपल्या दारात आहे. सीपी सागवान म्हणून देशभर ओळखतात, आणि सीपी म्हणजे आपलाच जुना मध्य प्रांत. नव्या संसद भवनाला साग नागपूरहून गेला. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारशाहून गेला. आणि आपण नागपूरकर हप्त्यावर भुश्शाच्या पाटीचा बेड घेतो!

पण साग म्हटलं की सगळा सारखा नसतो. बाजारात घाना, इक्वेडोरकडचा लागवडीचा सागही भरपूर आहे. स्वस्त पडतो आणि वाईटच असतो असंही नाही, पण सीपीच्या भावात घेऊ नका. पट्टीचं टोक बघा. मधला गर्द सोनेरी-तपकिरी भाग म्हणजे पक्कं लाकूड. कडेचा पिवळट पांढरा भाग कच्चा, उधळी आधी तिथंच लागते. पॉलिश झाल्यावर दोन्ही एकाच रंगाचे दिसतात, म्हणून लाकूड रंधा मारायच्या आधी बघायचं.

किती लागतं त्याचा हिशेब स्वतः करा, कोणी फसवणार नाही. साधा दिवाण, ६ फूट बाय अडीच फूट. चार पाय ३ बाय ३ इंच, उंची १४ : झाले ५०४ घनइंच. लांब पट्ट्या दोन, ७२ बाय ५ बाय दीड : १०८०. आडव्या दोन, ३० बाय ५ बाय दीड : ४५०. वरच्या फळ्या बारा, ३० बाय ३ बाय पाऊण : ८१०. बेरीज २८४४. त्याला १७२८ ने भागा, पावणेदोन घनफुटांच्या आतच येतं. कटाई-रंध्यात जातं ते धरून दोन, फार तर सव्वादोन घनफूट. कठडा केला तर थोडं वाढेल. कोणी चार घनफूट सांगितलं तर उरलेल्या दोनाचं काय करणार आहेस, विचारा त्याला.

तर्री_जास्त

लकडगंज भाऊ, हा हिशोब माझ्या लग्नाच्या आधी काहून नाही सांगितला? दिवाणात आमच्या सासऱ्याले चांगलाच चुना लागला होता.

विदर्भकन्या_पुण्यात

इथे पुण्यात दुपारी एक ते चार झोपतात अशी आमची बदनामी आहे. पण झोपायला खरी गरज तिथे नागपूरला आहे. मे २०१३ मध्ये ४७.९ झालं होतं तेव्हा मी तिथे होते. माठातलं पाणीसुद्धा कोमट लागत होतं.

बेसा_रोड_१२

आणि २०२४ च्या मे अखेरीस ५६! सगळ्या देशात नागपूरच्या बातम्या. मग सेन्सर बिघडल्याचा खुलासा आला. आमचे काका मात्र अजून ५६ च सांगतात.

दिनचर्या

विषयाला धरूनच, पण थोडं वेगळं. दिवसा झोपणं आयुर्वेदात वर्ज्य सांगितलंय, कफ वाढतो. अपवाद ग्रीष्म ऋतूचा. रात्र लहान, शरीर कोरडं पडलेलं, म्हणून उन्हाळ्यात चालतं. वृद्ध, लहान मुलं, आजारी यांनाही मुभा आहे. म्हणजे बाबांना दोन्ही बाजूंनी सूट. पण जेवल्या जेवल्या पाठीवर सपाट नको. थोडं बसावं, शतपावली करावी, मग डाव्या कुशीवर.

हाडांची_वकील

डाव्या कुशीचं आधुनिक डॉक्टरही सांगतात. त्या कुशीवर जठरातलं आम्ल अन्ननलिकेत कमी चढतं. डोक्याची बाजू उंच हवी. मात्र दोन उशा एकावर एक ठेवल्या तर फक्त मान वाकते, छाती तिथेच राहते. तिरकी, उतरत्या आकाराची उशी मिळते, ती पाठीच्या मधोमधपासून घ्यायची. आणि झोप २०-३० मिनिटांची ठेवा. तास-दीड तास गाढ झोपून उठलेला माणूस सुन्न असतो, त्याच तंद्रीत उभं राहताना तोल जातो. ज्येष्ठांच्या बाबतीत हे गंभीर आहे.

तर्री_जास्त

वीस मिनिटं? नवतपा, म्हणजे मे अखेरचे थे नऊ तापते दिवस, चालू असताना वीस मिनिटांत तं पाठ टेकून पंखा किती जोरात फिरून राहिला एवढंच पाहून होते.

ओसरीवरचा

कोणी साध्या कापडी आरामखुर्चीचं नाव घेईना म्हणून लिहितो. नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या घरी छपरीत आजोबांची होती. सागाची चौकट, मधे जाड पट्ट्यांचं कापड, मागे दांडी अडकवायला तीन खाचा. घडी करून दाराआड जाते, कापड फाटलं की नवं शिवून दोन दांड्यांत ओवलं की झालं. हवा पाठीमागून खेळते, घाम साचत नाही. नागपूरच्या हवेला याहून योग्य वस्तू नाही असं माझं ठाम मत आहे.

दुसरी एक जात म्हणजे जुन्या फॉरेस्ट रेस्टहाऊसच्या व्हरांड्यात असायची ती, वेताची बैठक आणि हात पुढे लांबच लांब. त्या हातांच्या खालून आणखी एक पट्टी फिरवून बाहेर काढायची आणि त्यावर पोटऱ्या ठेवायच्या. साहेब दौऱ्यावरून आला की बूट काढायला शिपाई समोर आणि साहेब असा पसरलेला. मळेवाल्या साहेबांची खुर्ची ती, पण आपल्या उन्हाळ्याला फिट.

हाडांची_वकील

@ओसरीवरचा मत मान्य, पण या बाबांसाठी नाही. कापडी खुर्चीत बूड गुडघ्यांच्या खाली जातं, आणि पुढची दांडी मांड्यांच्या मागे रुतते. तीस वर्षांच्या माणसाला मजा. ७४ आणि नवी वाटी, तिथे नाही. शिवाय घडी करताना चौकटीत बोटं चेमटतात, घरात नातवंडं असतील तर सांभाळा.

ओसरीवरचा

बोटं माझीही चेमटली आहेत, खुर्ची तरी आवडतीच. असो. वेताबद्दल एक उपयोगी गोष्ट : आपल्याकडे उन्हाळ्यात वेत कोरडा पडून तडकतो आणि बैठक लोंबते. लोंबली म्हणून लगेच विणायला देऊ नका. खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने गरम पाण्याचं ओलं फडकं नीट चोळायचं, वेत भिजू द्यायचा आणि सावलीत वाळवायचा. वाळताना आक्रसून पुन्हा ताणला जातो. काड्या तुटल्या असतील तर मात्र विणकऱ्याशिवाय इलाज नाही.

मनीषनगरची_ताई

सगळ्यांचे आभार. बंगईबद्दल कोणीच बोलत नाहीये. बाबा रोज विचारतात, "काय म्हणतात तुझे लोकं?"

घर_आणि_नकाशे

बंगई टांगायची तर दोन गोष्टी. आर्वीच्या घरात ती लाकडी नाटेला टांगलेली असणार. फ्लॅटमध्ये हुक आरसीसी स्लॅबमध्ये किंवा बीममध्ये खोल बसवावा लागतो. पीओपीच्या छताला लावून बरोबर दिसतो, पण पीओपी वजन घेत नाही. बांधतानाच हुक सोडले असतील तर भाग्य. नसतील तर केमिकल अँकर (रसायनाने स्लॅबमध्ये पक्का चिकटवायचा बोल्ट) जाणकाराकडून बसवून घ्या आणि खालच्या कोणा मिस्त्रीला "भाऊ, जरा ड्रिल मार" असं म्हणू नका. झोका मागे-पुढे दोन-अडीच फूट जातो, त्यामुळे १० फुटी हॉलमध्ये तो टीव्हीला तरी भेटणार नाहीतर दाराला.

आणि ज्या वस्तूवरून उठायचं ती उठताना हलता कामा नये. बंगई नेमकी तेव्हाच मागे जाते.

मनीषनगरची_ताई

हे शेवटचं वाक्य बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "पन्नास वर्षं उठतो आहे तिच्यावरून." पुढे काय बोलणार?

लकडगंज_जुना

काकांना सांगा, बंगईची पाटी जुन्या सागाची असेल तर तीच दिवाणाचा कठडा किंवा पाठ होऊ शकते. पितळी कड्या असतील तर त्या काढून वेगळ्या ठेवा, आजकाल मिळत नाहीत. जुनं लाकूड पूर्ण वाळलेलं असतं, त्यामुळे नव्यापेक्षा कमी हलतं. आपल्याकडे मे महिन्यात हवा ठक्क कोरडी आणि जुलैत ओलीचिंब. अर्धवट वाळलेलं लाकूड एका वर्षात सांधे उघडून दाखवतं.

कूलर_रिपेअर_सीझन

मी काही फर्निचरवाला नाही, पण कूलर समोर आहे म्हणून लिहितो. दिवाण कूलरच्या सरळ झोतात ठेवू नका. त्या हवेत ओल असते, दिवसभर ती एकाच गादीवर पडली की जुलैपर्यंत कुबट वास यायला लागतो. बॉक्सवाला दिवाण असेल तर आत ठेवलेल्या रजयांना बुरशी. मी किती तरी घरात पाहिलंय, कूलर काढायला जावं तर दिवाणाचा प्लाय खालून फुगलेला.

आणि समोरची खिडकी किंवा बाल्कनीचं दार चार बोटं उघडं ठेवा. लोक सगळं गच्च लावून घेतात, मग म्हणतात कूलर थंड करत नाही. ओली हवा बाहेर गेली नाही तर खसच्या ताट्या कितीही नव्या असोत, चिकचिकच होणार. बाल्कनीच्या दाराजवळ दिवाण येतो आहे ना, मग जागा चांगली आहे. हवा अंगावरून जाईल, अंगावर आदळणार नाही.

मनीषनगरची_ताई

@कूलर_रिपेअर_सीझन हे तर डोक्यातच आलं नव्हतं. बॉक्स नको मग, खालून मोकळाच करते. सासूबाईंना स्टोरेज हवं होतं, त्यांची समजूत नवरा काढेल.

गादी कोणती?

ओसरीवरचा

कापसाची! विदर्भात राहून हे विचारायचं?

बेसा_रोड_१२

कापसाची दबते हो. दोन वर्षांत मधे खड्डा.

ओसरीवरचा

दबली की पिंजून घ्यायची. दर उन्हाळ्यात उन्हात टाकायची. फोम आतली उष्णता धरून ठेवतो, त्यातला मेमरी फोम तर गरम झाला की आणखी मऊ पडतो. रात्री एसीत ठीक आहे, दुपारी कूलरमध्ये कशाला?

हाडांची_वकील

दोघांचं जुळवते. खाली काथ्याची चार इंची कडक गादी, वर पातळ कापसाची. काथ्या दबत नाही त्यामुळे उंची टिकते, कापूस घाम शोषतो आणि वर्षाआड पिंजायला हलका पडतो. एकूण उंची मात्र दोन्ही धरून मोजा. आणि बसायची कड मऊ नको, माणूस कडेवरूनच उठतो.

आजी_डॉट_कॉम

एक काळजीपोटी लिहिते. घरात तान्हं बाळ असेल तर आजोबांनी त्याला छातीवर घेऊन सोफ्यावर किंवा रिक्लायनरमध्ये डुलकी काढायची नाही. दिसायला गोड असतं, फोटो काढतात सगळे. पण झोपेत बाळ बाजूला घसरतं, गादीच्या फटीत नाक दाबलं जातं. बालरोगतज्ज्ञ हे बजावून सांगतात. बाळाला वेगळं, सपाट, कडक गादीवर, पाठीवर झोपवा. रिक्लायनरच्या पायाखालच्या यंत्रात रांगणारी मुलं आणि मांजरं अडकतात तेही आहेच.

मनीषनगरची_ताई

बाळ नाही, मांजर आहे. धन्यवाद आजी :)

बरं, ठरलं ते सांगते. बाबांचं माप घेतलं, साडेसोळा इंच. दिवाण ६ बाय अडीच, गादी दबल्यावर वरची उंची अठरा. डोक्याकडे तिरकी पाठ, साधारण मांडीपासून १२० अंशांत, म्हणजे पेपर वाचताना रेलता येईल. झोपताना ती सपाट होईल अशी खाचांची दांडी, आरामखुर्चीसारखी (@ओसरीवरचा, तुमचीच कल्पना ढापली). पायाच्या बाजूला घट्ट कठडा, उठताना धरायला. बॉक्स नाही. रिक्लायनर रद्द, नवरा दोन दिवस गप्प होता, आता बोलतो.

बंगईची पाटी बाबा द्यायला तयार नाहीत. "आर्वीला टांगलेली राहू दे, मी दिवाळीला जाणार आहे." विषय संपला.

हाडांची_वकील

कठडा डाव्या हाताला येतोय की उजव्या? ऑपरेशन डाव्या गुडघ्याचं आहे. उठताना ते कोणत्या हाताने जोर देतात ते एकदा नुसतं बघा, आणि मग सुताराला सांगा. भिंतीकडच्या बाजूला कठडा करून काही उपयोग नाही, असे दिवाण मी पाहिले आहेत.

मनीषनगरची_ताई

बघितलं आत्ताच. उजव्या हाताने, आणि डावा हात गुडघ्यावर. दिवाणावर बाहेर तोंड करून बसले की पायथा उजवीकडेच येतो, डोकं बाल्कनीच्या दाराकडे. म्हणजे जमतंय.

लकडगंज_जुना

पॉलिशचं लवकर उरका. पाऊस लागल्यावर मेलामाइन मारलं तर हवेतली ओल धरून वर पांढरट धुकं येतं, मग घासून परत मारावं लागतं. सुतार "होऊन जाईल ताई" म्हणेल, ऐकू नका. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत लाकूडकाम, पॉलिश दोन्ही. नाही जमलं तर पावसाळाभर नुसतं तेल लावून वापरा आणि दसऱ्यानंतर पॉलिश करा. सागाला काही होत नाही.

आणि खाचांच्या दांडीला बाभूळ वापरायला सांगा. भार तिथेच पडतो, साग तिथे झिजतो.

तर्री_जास्त

ताई, थो जुना टू-सीटर कितीले देता? आमच्या इकडं एक बारकं पोरगं हाय साडेचार फुटाचं, त्याचे पाय नाही येत बाहेर.

मनीषनगरची_ताई

@तर्री_जास्त अडीच हजार, आणि घेऊन जायचं तुमचं तुम्ही. तिसरा मजला, लिफ्टमध्ये बसत नाही.

तर्री_जास्त

दोन हजार. रविवारी येतो, पोहे तुमच्याकडं.